जोखीम साऱ्यांची, डाग बाईला

पोलादपूरकडच्या वाड्यांवर 'जोखीम' हा शब्द नवा नाही. मुंबईहून रात्रीच्या एस.टी.ने गावी निघालेली बाई शेजारणीला हळूच सांगते, "जवळ जोखीम आहे गो, जागी राहा." म्हणजे पिशवीत दागिना आहे, पैसे आहेत, जपायला हवेत. हाच शब्द आता तपासणीच्या कागदावरून आणि आरोग्य शिबिरांतून आपल्याकडे वेगळ्या अर्थाने येऊ लागला आहे. "तुमच्या घराण्यात साखर आहे, तुम्हाला जोखीम आहे." "आईला स्तनाचा कर्करोग होता, मुलीला जोखीम आहे." "मुलगी थॅलसेमिया मायनर आहे, पुढे मुलांना जोखीम आहे." पिशवीतली जोखीम बाई जपत होती. ही नवी जोखीम मात्र तिच्या रक्तातच आहे असे तिला सांगितले जाते, आणि सांगणारा पुढच्या पेशंटकडे वळतो.

महाड-पोलादपूर भागात मी बायांच्या गटांबरोबर काम करते. मी डॉक्टर नाही आणि आकडेशास्त्रज्ञही नाही. पण गेल्या काही वर्षांत बैठकांमध्ये या जोखमीविषयी इतके प्रश्न आले की मला हे शास्त्र जमेल तसे वाचावे लागले. त्यातून माझे एक मत बनले आहे आणि ते मैत्रिणींपुढे चर्चेसाठी ठेवते. आजाराची जोखीम काढणारे शास्त्र नेहमी गटाबद्दल बोलते. शंभरांत किती, हजारांत किती, हे ते सांगते. तोच आकडा गावात उतरला की एका बाईच्या कपाळावरचा डाग होतो. हा बदल आकडेशास्त्र करत नाही. तो आपली लग्नव्यवस्था करते, जात करते, कुटुंबातली पुरुषसत्ता करते. म्हणून या विषयाकडे 'डॉक्टर लोकांचा विषय' म्हणून पाठ फिरवणे आपल्याला परवडणार नाही.

आकडा कसा निघतो?

आधी साधी गोष्ट. आकडेशास्त्रज्ञ एका माणसाकडे बघून जोखीम सांगू शकत नाही. तो आजारी आणि बिनआजारी अशी पुष्कळ माणसे घेतो. त्यांच्या सवयी, वय, काम, घराण्यातले आजार, रक्तातले गुण यांची नोंद करतो आणि दोन्ही बाजू ताडून पाहतो. एखादी गोष्ट आजाऱ्यांमध्ये फार जास्त दिसली तर तो म्हणतो, हिचा आजाराशी संबंध असावा. मग आणखी माणसे मोजून, आणखी कारणे बाजूला काढून तो आपले म्हणणे तपासतो.

यातून निघालेला आकडा कसा वाचायचा हे आपल्याला कोणी शिकवत नाही. समजा, कोणी सांगितले की अमुक गुण असलेल्या बायांना अमुक आजाराची जोखीम दुप्पट आहे. ऐकून पोटात गोळा येतो. पण दुप्पट म्हणजे कितीची किती? हजारांत दोन बायांना होणारा आजार हजारांत चौघींना झाला तरी ती दुप्पटच, आणि शंभरांत दहा जणींचा वीस जणींना झाला तरीही दुप्पटच. पहिल्या हिशोबात ९९६ बायांना तो आजार होणारच नाही. शिवाय हजारांतल्या त्या चौघी कोण, हे आकडा सांगत नाही. त्याला ते सांगता येतच नाही. त्यामुळे 'तुला जोखीम आहे' या वाक्याचा खरा अर्थ 'तुझ्यासारख्या हजार जणींमध्ये इतक्या जणींना' असा असतो. गावात मात्र त्याचा अर्थ 'हिच्यात खोट आहे' असा होतो.

एका माणसाच्या दोन मोजण्या

या शास्त्राचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या मुंबईत घडला. एल. डी. संघवी हे संशोधक माणसांच्या गटांमधले आनुवंशिक फरक आकड्यांच्या वाटेने अभ्यासत होते. पॅथॉलॉजीतले नामवंत डॉ. व्ही. आर. खानोलकर यांच्याबरोबर त्यांनी मुंबईतल्या सहा अंतर्विवाही गटांमधले सात आनुवंशिक गुण मोजले. तो निबंध १९५० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. १९५६ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या बारा गटांमध्ये नात्यात लग्न होण्याचे प्रमाण किती आहे हे मांडले. दरम्यान १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर यांचा आणखी एक निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. तंबाखू चघळणे आणि ओढणे यांचा तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाशी काय संबंध आहे, हे त्यात मोजून दाखवले होते.

या दोन तऱ्हेच्या मोजण्या शेजारी ठेवून पाहा. तंबाखूची मोजणी माणूस काय करतो हे विचारते. ते बदलता येते. तंबाखूवर कर बसवता येतो, जाहिरात बंद करता येते, सवय सुटायला मदत करता येते. गटांच्या रक्ताची मोजणी माणूस कोणाच्या पोटी जन्मला हे विचारते. ते बदलता येत नाही. एकाच माणसाने दोन्ही मोजण्या केल्या, दोन्ही शास्त्रीय आहेत, दोन्हींचा उपयोग आहे. पण समाजात उतरताना दोन्हींची वाट अगदी वेगळी होते.

आणखी एक शब्द पाहा : 'अंतर्विवाही गट'. शास्त्राच्या पुस्तकात तो कोरडा शब्द आहे. आपण त्याला सरळ जात म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या लग्ने एका वर्तुळाच्या आतच होत राहिली, म्हणून त्या वर्तुळात काही गुण, काही दोष साठत गेले. ही साठवण निसर्गाने केलेली नाही. ती माणसांच्या नियमांनी केली आहे. आणि ते नियम मुख्यतः कोणावर पहारा ठेवून टिकले? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात याचे उत्तर दिले आहे. जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, आणि ते टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह हे तिन्ही जाच बाईवर लादले गेले, अशी ती मांडणी आहे. त्याच बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी आपल्या महाडात चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी इथेच मनुस्मृतीचे दहन झाले. महाडच्या बायांना वेगळे सांगायला नको की पाण्यावरचा पहारा आणि बाईच्या लग्नावरचा पहारा एकाच पुस्तकातून आले होते.

तेव्हा आनुवंशिक जोखमीचा आकडा कानावर पडला की हे ध्यानात ठेवू या. तो आकडा काही अंशी जातीच्या इतिहासाचाही हिशोब असतो. ती जोखीम साऱ्या गटाने मिळून, बाईच्या निवडीवर बंदी घालून तयार केली आहे. मग तिची शिक्षा एकट्या बाईला का?

चारांत एक

थॅलसेमिया आणि सिकलसेल या दोन आजारांचा हिशोब आपल्या प्रत्येक कार्यकर्तीला तोंडपाठ हवा. तो अवघड नाही. रक्तातल्या या गुणाची प्रत्येकाकडे दोन घरे असतात, एक आईकडून आलेले आणि एक बापाकडून. एकाच घरात दोष असेल तर तो माणूस 'वाहक' म्हणजे मायनर. तो सहसा धडधाकट असतो, शेती करतो, नोकरी करतो, मुले वाढवतो. दोन्ही घरांत दोष आला तरच मोठा आजार होतो. म्हणजे आई-बाप दोघेही वाहक असतील तरच मुलाला तो मोठा आजार होण्याची शक्यता असते. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता आजाराची, चारांत दोन शक्यता मूल नुसते वाहक असण्याची, आणि चारांत एक शक्यता मूल पूर्ण मोकळे असण्याची. दर खेपेला हिशोब नव्याने सुरू होतो. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तिन्ही सुटली असे होत नाही. दोघांपैकी एकच वाहक असेल, तर कुठल्याच मुलाला मोठा आजार होत नाही.

या हिशोबात आईचा वाटा बापाच्या वाट्याइतकाच आहे. तरीही आजारी मूल जन्मले की सासरी वाक्य ठरलेले असते : "तिच्या माहेरचे रक्तच तसले." मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारे घर आणि मूल आजारी झाले म्हणून बोल लावणारे घर एकच. मुलगा-मुलगी बापाकडून ठरते, हे आपण पोस्टरवर काढून, गाणी म्हणून सांगितले. आता हा चारांतल्या एकाचा हिशोबही तसाच सांगावा लागणार आहे.

आमच्या गटात येणाऱ्या एका बाईच्या मुलीचे उदाहरण सांगते. नाव-गाव सांगत नाही. कॉलेजात रक्ततपासणीचे शिबिर झाले आणि मुलगी थॅलसेमिया मायनर निघाली. तिला बाजूला बसवून कोणी काही समजावले नाही. साऱ्या वर्गासमोर कागद वाटले गेले, कोणाच्या कागदावर काय आहे ते मैत्रिणींनी वाचले, आठ दिवसांत वाडीत बातमी आली. पुढे सोयरिकीची बोलणी चालू असताना मुलाकडच्यांना ते कळले आणि त्यांनी निरोप पाठवून बोलणी थांबवली. मुलाची तपासणी झाली होती का? नव्हती. करा म्हणून कोणी सुचवले का? नाही. मुलगा तपासणीत मोकळा निघाला असता, तर त्या दोघांच्या एकाही मुलाला मोठा आजार होण्याचा प्रश्न नव्हता. शास्त्राने जो प्रश्न दोघांना विचारायला सांगितला होता, तो समाजाने एकीलाच विचारला आणि तिला नापास केले.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा असे तिचे उद्दिष्ट ठेवले गेले. आदिवासींसाठी ही मोहीम मोलाची आहे. हाडे फोडणाऱ्या वेदना सोसत जगणाऱ्या माणसाला आजाराचे नाव कळणे, औषध मिळणे हा त्याचा हक्क आहे. आपल्या भागातल्या कातकरी वाड्यांवर वीटभट्टी आणि कोळसाभट्टीच्या हंगामात घरेच्या घरे कुलूप लावून बाहेर जातात. त्यांच्यापर्यंत तपासणी पोचलीच पाहिजे. पण तपासणीबरोबर कार्ड येते, आणि लग्नाआधी दोघांची कार्डे पाहा असा सल्लाही येतो. सल्ला दोघांची कार्डे पाहण्याचा आहे. आपल्याकडे पत्रिका मागताना 'मुलीला मंगळ आहे का' हे आधी विचारतात. कार्डाचेही तसेच होईल ही माझी भीती आहे, आणि ती भीती हवेतली नाही.

उत्तम बीज म्हणजे काय?

इथे आपल्यातल्या काही मैत्रिणी म्हणतात, मग हाच मुद्दा पुढे करून आंतरजातीय लग्नाचा प्रचार करू या की! जातीबाहेर लग्न केले तर आजार टळतील, असे सांगू. मला हा मार्ग धोक्याचा वाटतो. वर्तुळाबाहेर लग्न झाले तर असे काही आजार होण्याची शक्यता सहसा कमी होते, हे खरे. पण आंतरजातीय लग्न हा माणसाचा हक्क आहे आणि जात मोडण्याचा मार्ग आहे. संकरित बियाण्यासारखे त्याचे गुण सांगू लागलो, तर उद्या त्याच तराजूत आपल्याला 'कमी प्रतीचे बीज' म्हणून तोलले जाईल.

कारण या शास्त्राचा जन्मच त्या तराजूत झाला आहे. १८८३ साली इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने सुप्रजननाच्या कल्पनेला तिचे इंग्रजी नाव दिले : चांगल्या वंशाच्यांनी जास्त मुले जन्माला घालावीत, हलक्यांनी कमी. आज आपण वापरतो त्या आकडेशास्त्राची कित्येक हत्यारे गाल्टन आणि त्याचा अनुयायी कार्ल पीअर्सन यांनी याच ध्यासातून घडवली. पीअर्सनने १९२५ साली सुप्रजननाचे नियतकालिक काढले. संघवी-खानोलकरांचा सहा गटांचा निबंध त्यातच छापून आला. १९५४ साली त्या नियतकालिकाचे नाव बदलून 'मानवी आनुवंशिकी' असे झाले. मधल्या काळात जर्मनीत या कल्पनेच्या नावाने लाखो स्त्रीपुरुषांची सक्तीने नसबंदी झाली होती. आपला महाराष्ट्रही या हवेपासून दूर नव्हता. ज्या १९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला, त्याच वर्षी ना. सी. फडके यांचे सुप्रजननाची चळवळ भारतात हवी असे सांगणारे इंग्रजी पुस्तक निघाले. एकाच वर्षी एक आवाज माणसे समान आहेत म्हणत होता आणि दुसरा उत्तम बीज निवडा म्हणत होता.

आणि हे फार जुने म्हणून सोडून द्यावे असेही नाही. गर्भजल तपासणी आपल्या देशात १९७० च्या दशकात आली ती गर्भातले आनुवंशिक दोष शोधण्यासाठी. बघता बघता तिचा धंदा झाला तो मुलगी शोधण्यासाठी. मुंबईत स्त्री-संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते यांनी मिळून लढा दिला म्हणून १९८८ साली महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला. १९९४ साली केंद्राचा कायदा झाला, १९९६ पासून तो लागू झाला आणि २००३ मध्ये त्यात सुधारणा झाली. तरीही राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४६ होती ती २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ झाली. तपासणीचे यंत्र तेच, डॉक्टर तेच. ज्या समाजात ते उतरले त्या समाजाने 'दोष' कशाला म्हणायचे ते ठरवले. ज्या चळवळीने हे पाहिले आहे तिने नवी तपासणी आली की भाबडेपणाने टाळ्या वाजवू नयेत.

म्हणून मी तपासणी नको म्हणत नाही. थॅलसेमियाच्या मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. ते मूल कडेवर घेऊन घाटातल्या वाडीवरून तालुक्याला आणि तिथून मुंबईला खेपा घालणारी आईच असते. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याला गरोदरपणात लवकर तपासणी हवी असेल तर ती मिळायला हवी, आणि काय करायचे तो निर्णय त्या बाईचा असायला हवा. पण आजारी किंवा अपंग मूल वाढवायचे ठरवणाऱ्या बाईलाही तितकाच मान आणि तितकीच मदत मिळाली पाहिजे. एकच उत्तर बरोबर मानले गेले तर त्याला निवड म्हणता येत नाही.

माहिती जीव वाचवते तेव्हा

आनुवंशिकीच्या माहितीचा चांगला उपयोग कसा होतो याचेही उदाहरण जवळच आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट जगापुढे मांडला. त्याला आज 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. हाही आई-बाप दोघांकडून गुण आला तरच होतो. नेहमीच्या साध्या तपासणीत तो 'ओ' गटासारखा दिसतो, पण अशा माणसाला 'ओ' रक्त चालत नाही. त्याला त्याच्याच गटाचे रक्त लागते. आपला कशेडी घाट ओलांडला की लागणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात १९८० च्या दशकात या रक्तगटाची खास पाहणी झाली. बाळंतपणात रक्तस्राव झाला तर ही माहिती म्हणजे बाईचा जीव. रक्त देण्याआधी ते नीट जुळवून पाहणे आणि अशा रक्तदात्यांची यादी हाताशी असणे, एवढ्याने माणूस वाचतो. इथे कोणाची सोयरीक मोडत नाही, कोणाला डाग लागत नाही. कारण माहिती सेवेला जोडलेली आहे.

आणि मोजणी करायला मुंबईच लागते असेही नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत होती. त्यांनी एकेका रोग्याच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, आणि १९८२ साली त्यांचे निरीक्षण लॅन्सेटमध्ये आले. पुढे प्राझोसिन या साध्या गोळीने मृत्यू फार कमी झाले. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये महाडच्या ७० रोग्यांवरचा त्यांचा अभ्यास आला. प्राझोसिनबरोबर विंचवाची प्रतिलस दिलेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसते प्राझोसिन दिलेल्या ३५ जणांपैकी ८. त्या निबंधावर दुसरे नाव डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचे आहे. भातकापणीला उघड्या हाताने पेंढा उचलणाऱ्या बाईला या मोजणीचा उपयोग झाला. आपल्याच माणसांची, आपल्याच गावात, उपचारासाठी केलेली मोजणी कशी असते ते यातून दिसते.

आपण त्या तक्त्यात आहोत का?

आता जोखमीचे शास्त्र फार पुढे गेले आहे. एकेका माणसाच्या शेकडो, हजारो लहान लहान आनुवंशिक फरकांची बेरीज करून त्याचा 'गुणांक' काढतात. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत शिकलेले आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात काम करणारे निलांजन चॅटर्जी हे या क्षेत्रातले मोठे नाव. २०१६ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाविषयी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. वजन, दारू, सिगारेट, पाळी गेल्यावर घेतलेली संप्रेरके या बदलता येण्याजोग्या गोष्टी आवरल्या तर सुमारे तीस टक्के कर्करोग टळू शकतील, आणि ज्यांची जन्मजात जोखीम जास्त आहे त्यांनाच त्याचा फायदा अधिक. म्हणजे आकडेशास्त्र स्वतःच सांगते आहे की जनुक म्हणजे ललाटरेषा नव्हे.

पण तो हिशोब अमेरिकेतल्या गोऱ्या स्त्रियांचा आहे, आणि निबंधाच्या नावातच त्यांनी तसे प्रामाणिकपणे लिहिले आहे. २०१९ साली झालेल्या मोजदादीप्रमाणे जगातल्या अशा आनुवंशिक अभ्यासांत भाग घेणाऱ्यांपैकी सुमारे ७८ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. त्यांच्यावरून काढलेला गुणांक दुसऱ्या वंशांना नीट लागू पडत नाही, हे शास्त्रज्ञच सांगतात. तिकडच्या मापाचे पोलके शिवून पोलादपूरच्या बाईला 'बसत नाही, म्हणजे तुझेच अंग वाकडे' म्हणण्यासारखे हे आहे. उद्या एखादी खाजगी लॅब थुंकी घेऊन पंधरा आजारांची जोखीम छापून देईल, तेव्हा हे आठवा.

आणि ज्या जोखमी आपल्यावर रोज आहेत, त्या शोधायला थुंकी लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांमध्ये रक्त कमी आढळले. यातल्या थोड्या जणी थॅलसेमियाच्या वाहक असतील. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही रक्त वाढत नसेल तर ती तपासणी जरूर करावी. पण निम्म्याहून अधिक बायांच्या रक्तक्षयाचे कारण मुख्यतः ताटात आहे. शेवटी जेवणारी बाई काय जेवते, तिला विश्रांती किती, बाळंतपणांत अंतर किती, हे आधी पाहावे लागेल.

तसेच मशेरीचे. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी आपल्याकडे सासू सुनेला देते. भूक मारायला, पोट साफ व्हायला, चार मिनिटे उंबऱ्यात टेकायला. प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १२१७ गरोदर बायांचा अभ्यास करून २००४ साली मांडले की मशेरीसारखा तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी भरले. यावरून बाईलाच दटावणे सोपे आहे, आणि तेही मी करणार नाही. दिवसभराच्या राबणुकीत तिची एकमेव विसाव्याची घटका मशेरीची आहे, हे समजून घेतल्याशिवाय मशेरी सुटणार नाही. पण ही जोखीम बदलता येते, रक्त बदलता येत नाही. कोणत्या जोखमीवर आपली ताकद लावायची ते यावरून ठरवू या.

आपण काय करायचे?

माझ्या सूचना अशा आहेत. गटांनी त्यांत भर घालावी.

पहिली, जोखमीचा कुठलाही आकडा समोर आला की चार प्रश्न विचारायला बायांना शिकवू या. हा आकडा कोणाला मोजून काढला? 'दुप्पट', 'तिप्पट' म्हणजे हजारांत कितीच्या किती? कळल्यानंतर पुढे उपचार काय आणि तो कुठे मिळेल? आणि हा कागद कोणाकोणाच्या हातात जाणार?

दुसरी, तपासणीचा निकाल ज्याचा त्यालाच, बाजूला बसवून, मराठीत समजावून दिला पाहिजे. शाळा-कॉलेजच्या शिबिरात कागद उघड्यावर वाटणे बंद झाले पाहिजे. शिबिर घेणाऱ्यांना परवानगी देण्याआधीच ही अट घालावी, असा आग्रह आपण प्राचार्यांकडे आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे धरू.

तिसरी, वाहक-तपासणी लग्नाच्या संदर्भात करायची असेल तर दोघांची करावी, आणि आधी मुलाची. 'आधी मुलाची' हे मी मुद्दाम म्हणते. मुलगा मोकळा निघाला तर या मोठ्या आजाराचा प्रश्न तिथेच मिटतो आणि मुलीवर शिक्का मारायची वेळच येत नाही. शास्त्राच्या हिशोबाने कोणाचीही आधी केली तरी चालते. मग आजवर जिच्यावर सगळा भार टाकला तिला एकदा तरी मागे राहू द्या.

चौथी, तपासणीच्या आधी सेवा मागू या. सिकलसेलची औषधे, रक्त देण्याची सोय, समुपदेशक हे तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मिळायला हवे. नुसते कार्ड देऊन मोहीम पुढे गेली तर तिने आजारी माणसाची नोंद केली, त्याला बरे वाटावे म्हणून काही केले नाही.

पाचवी, आशाताई आणि अंगणवाडीताई यांना हा चारांतल्या एकाचा हिशोब नीट शिकवला जावा आणि त्या वेळेचे मानधन त्यांना मिळावे. गावात हा विषय त्याच सांगणार आहेत. त्यांच्या तोंडी 'दोष' हा शब्द आला तर गावात दोषच पसरेल.

हे शास्त्र आपल्या विरोधात नाही. पण त्याला चावडीवर, सोयरिकीच्या बैठकीत, सासरच्या ओटीवर एकटे सोडून चालणार नाही. तिथे त्याच्या वतीने दुसरेच कोणीतरी बोलते. येत्या बैठकीत प्रत्येक गटाने चिंचोके घेऊन बसावे. दोन वाट्यांत प्रत्येकी एक काळा आणि एक पांढरा ठेवावा, एक वाटी आईची, एक बापाची. दोन्ही वाट्यांतून डोळे मिटून एकेक चिंचोका उचलावा आणि काय निघते ते लिहीत जावे. पन्नास-साठ वेळा उचलून झाले की दोन्ही काळे साधारण किती वेळा आले ते मोजावे, आणि मग विचारावे की यातला आईचा गुन्हा कोणता. पुरुषांनाही बोलवावे आणि बापाची वाटी त्यांच्या हातात द्यावी.